गंगेचं पाणी विचारताना महिना विचारा, जागा विचारा

ताई, तुम्ही गंगाखेड तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात शिक्षिका आहात आणि गावच्या पाणीपुरवठा समितीवरही आहात. तुमचे तीन प्रश्न आहेत. गोदावरीचं, म्हणजे आपण जिला गंगा म्हणतो तिचं, खोरं नेमकं कसं आहे? नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, भरल्याची बातमी येते, तरी मार्च लागला की गावापुढची नदी थांबलेली आणि हिरवी का दिसते? आणि हे पाणी पोरांना प्यायला द्यावं की नाही? मी तीस वर्षांहून जास्त काळ पाणी तपासण्याच्या कामात काढला. पैठणपासून धर्माबादपर्यंत बर्फाची पेटी घेऊन नमुने गोळा करत फिरलो. त्यामुळे तिन्ही प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो, कारण मराठवाड्यात नदीत पाणी किती आहे आणि ते कसं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. ‘गोदावरीचं पाणी चांगलं आहे का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणत्या महिन्यातलं, कोणत्या बंधाऱ्याच्या वरचं की खालचं, कोणता नाला मिळण्याआधीचं की नंतरचं, हे ठरलं की मगच उत्तर देता येतं.

आता खोऱ्याकडे येऊ. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर ही नदी जन्मते, समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. खोरं साधारण ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचं, आणि त्याचा निम्म्याच्या जवळपास भाग महाराष्ट्रात. शाळेत मुलांना हे आकडे जरूर शिकवा. पण त्यांच्यासोबत हेही सांगा की राजमहेंद्रीला दिसणारी विशाल गोदावरी आणि आपली गंगा नावानेच एक आहेत. तिकडचं पाणी मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी आणतात, आणि या तिन्ही नद्या मराठवाडा संपल्यावर तिला मिळतात. आपल्या वाट्याची गोदावरी पर्जन्यछायेतली. इगतपुरी-त्र्यंबकच्या माथ्यावर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून गंगथडीतली, म्हणजे गोदाकाठची, माणसं आभाळाकडे जितकी बघतात तितकीच नाशिककडेही बघतात. ‘गंगेला पाणी आलं’ असं आपल्याकडे म्हणतात, ते त्यामुळेच. पाणी आपल्याकडे पडत नाही, येतं.

नकाशा समोर ठेवा. उत्तरेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला बालाघाट, आणि मधल्या उथळ परातीतून नदी आग्नेयेकडे जाते. वैजापूर-गंगापूरच्या शिवेवरून ती मराठवाड्यात येते. कायगाव टोक्याजवळ प्रवरा तिला मिळते आणि लगेच नाथसागराचा फुगवटा लागतो. शिवना आणि खाम उत्तरेकडून याच फुगवट्यात उतरतात. पैठणच्या खाली एका काठाला जालना, दुसऱ्या काठाला बीड. शहागड, राक्षसभुवन मागे पडलं की मंजरथला सिंदफणा येते, आणि ती बीड शहरातून आलेल्या बिंदुसरेला आधीच पोटात घेऊन येते. पुढे पाथरी, सोनपेठ आणि तुमचं गंगाखेड. कंठेश्वरला पूर्णा मिळते. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली, वाटेत दुधना घेतलेली, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मराठवाड्याचा उतार तिच्यामार्फत गंगेत येतो. नांदेडच्या परिसरात आसना, नंतर धर्माबाद आणि बाभळी. राज्याची हद्द ओलांडताना कंदकुर्तीला मांजरा येऊन मिळते. पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगवणारी ही मांजरा ७२४ किलोमीटरचा वळसा घेते. लातूर, बीदर, मेदक करून ती उत्तरेला वळते, म्हणून लातूरची मंडळी आपण गोदावरीच्या खोऱ्यात आहोत हे सहसा विसरतात. आणि सगळा मराठवाडाही गोदावरीचा नाही. आष्टी, भूम, परंड्याकडचं पाणी सीनेवाटे भीमेला आणि पुढे कृष्णेला जातं. सोयगावचं पाणी तापीला जातं.

जमिनीखाली काय आहे तेही बघायला हवं. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा खडक. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ, आणि कुठे दोन थरांमध्ये लाल गेरूची पट्टी. पाणी राहतं ते प्रामुख्याने मुरमात आणि कातळाच्या वरच्या फटींत. उत्तर भारतातल्या गंगेच्या मैदानातल्यासारखी खोलवर वाळू आपल्याकडे नाही. म्हणून पन्नास-साठ फुटांच्या विहिरीला पाणी लागतं आणि शेजारीच सहाशे फूट पाडलेलं बोअर फुफाटा उडवतं. आणि लागलं तरी त्या खोलीवरचं पाणी पुन्हा भरायला किती पावसाळे लागतील ते आधी सांगता येत नाही.

आता नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या गावाचं. हैदराबाद संस्थानाच्या काळात धरण तिथे व्हायचं होतं, पुढे जागा पैठणला गेली पण नाव राहिलं. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास १०३ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आणि मृतसाठा २६ टीएमसी. भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब आणि दरवाजे २७. लांबीच्या मानाने पाणी उथळ आहे आणि फुगवटा सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा. आपल्या उन्हात उघड्या पाण्याचं वर्षाला दीड ते दोन मीटर बाष्पीभवन होतं. पूर्ण फुगवट्यावरून एक मीटर पाणी उडालं तरी १२ टीएमसी गेलं. उन्हाळ्यात तलाव आकसतो म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी भरतो. तरीही, कोणत्याही शहराला न मिळता, कोणत्याही पिकाला न लागता जाणारं हे पाणी आहे, आणि वाटपाच्या भांडणात त्याचा उल्लेख फार कमी होतो.

टीएमसी हा शब्द वर्तमानपत्रात रोज येतो, म्हणून मुलांसाठी एक हिशेब देतो. १ टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पाच लाख लिटर घेऊन आली, पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. त्या हिशेबाने १ टीएमसी म्हणजे अकरा हजारांवर गाड्या. आणि पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी सुमारे दोन कोटी लिटर लागतात, म्हणजे आठ गाड्या. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. पाणी असेल तेव्हा उसाइतकं खात्रीचं पीक त्याला दुसरं कुणी दिलेलं नाही. कापसाचा भाव पडतो, सोयाबीन भिजतं, उसाला निदान कारखाना तरी असतो. पण ठिबकशिवाय ऊस लावणं या खोऱ्याला परवडत नाही, हे मी शेतकऱ्यांच्या बैठकीतही बोललो आहे आणि इथेही तेच लिहितो.

आता तुमचा नेमका प्रश्न. धरण भरलं तरी नदी का वाहत नाही? कारण धरणातलं पाणी नदीतून जातच नाही. ते कालव्यातून जातं. डावा कालवा २०८ किलोमीटर, जालना-परभणीकडे. उजवा १३२ किलोमीटर, बीड जिल्ह्यातून, आणि त्यातून माजलगाव धरणालाही पाणी मिळतं. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि औद्योगिक वसाहती जलवाहिनीतून पाणी उचलतात. नदीच्या पात्राला पाणी मिळतं ते दोनच वेळा. एक म्हणजे पूर आला आणि दरवाजे उघडले तेव्हा, आणि दुसरं म्हणजे खालचे बंधारे भरण्यासाठी मुद्दाम सोडलं तेव्हा. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे एकामागून एक आहेत आणि त्यांच्या पुढे नांदेडचं विष्णुपुरी. गोदावरी पाणी तंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्याने पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राला दिलं, आणि पैठणच्या खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणापर्यंत ६० टीएमसी वापरायची मुभा दिली. हे बंधारे त्या ६० टीएमसीच्या हिशेबात बसतात. त्यांनी काठच्या गावांना मोठा आधार दिला, यात वाद नाही. पण त्यांनी नदीचं रूपही बदललं. ऑक्टोबरअखेर दरवाजे टाकले की गोदावरी म्हणजे लांबट तळ्यांची एक माळ होते. तुमच्या गावापुढे मार्चमध्ये दिसते ती त्यातल्याच एका तळ्याची कड.

शेवटचं तळं बाभळी. तिथे तर आंध्र प्रदेशाशी वाद झाल्याने कॅलेंडर न्यायालयाने ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलैला दरवाजे उचलायचे, २९ ऑक्टोबरला टाकायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. पाऊस मुख्यतः जेव्हा पडतो तेव्हाच दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणून तो बंधारा भरणं परतीच्या पावसाच्या भरवशावर राहतं.

वरच्या बाजूचं चित्र तुम्हाला बातम्यांतून ठाऊक असेल. गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही सगळी धरणं नाथसागराच्या डोक्यावर आहेत. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने त्याला आकडा मिळाला. १५ ऑक्टोबरला नाथसागरात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरलं. माझं मत स्पष्ट आहे: सोडायचंच असेल तर पात्र ओलं असताना, ऑक्टोबरात सोडा. निर्णय लांबत डिसेंबरावर गेला की कोरड्या पात्रातून येताना पाण्याचा मोठा हिस्सा वाटेत जिरतो आणि दोन्हीकडचे शेतकरी नाराज होतात.

आता गुणवत्ता. नदी स्वतःला साफ करते, हे खरं आहे, पण त्यासाठी तिला तीन गोष्टी लागतात: वाहतं पाणी, हवेतला प्राणवायू आणि वेळ. पाण्यात मैला पडला की जिवाणू तो खातात आणि खाताना पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतील ते मोजतो त्याला आम्ही बीओडी म्हणतो. आंघोळीच्या पाण्यासाठी हा आकडा लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा आणि विरघळलेला प्राणवायू ५ च्या वर हवा. तीस अंश तापलेल्या पाण्यात मुळात मावतोच साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात नदीकडे खर्चायला शिल्लक अगदी थोडी असते. जानेवारीत जो नाला नदी पचवते, तोच नाला मे महिन्यात तिला पचत नाही. नाला तेवढाच असतो, नदी मात्र अर्धी झालेली असते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बीओडीवरूनच प्रदूषित पट्टे ठरवतं. २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा ५५ वर गेला. दोन्ही वेळा आपलं राज्य सगळ्यात वर होतं. नाशिकच्या खाली गोदावरीवर शहराचा भार पडतो, हे कुणीही नाकारत नाही. पण त्यावरून ‘नाशिकची घाण आपण पितो’ असं जे सर्रास बोललं जातं, ते मला अपुरं वाटतं. वाटेतले बंधारे आणि नाथसागराचं प्रचंड तळं गाळ खाली बसवतं, पाणी महिनोन् महिने उन्हात राहतं आणि मैल्यातले जिवाणू बऱ्याच प्रमाणात मरतात. धरणाच्या मध्यावरचं पाणी शुद्धीकरणाला सोपं असतं. आपली चूक आपल्या घरात शोधायला हवी. संभाजीनगरच्या वस्तीतून खाम नदी जाते, बीडमधून बिंदुसरा जाते, नांदेडमध्ये शहराचे नाले घाटांच्या आजूबाजूला नदीत उतरतात. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे नळयोजना वाढवताना मलनिस्सारण वाढवलं नाही, तर प्रत्येक नव्या नळासोबत नदीत नवी घाण जाते. तालुक्याच्या गावांना मलनिस्सारण जवळपास नाहीच. ती गावं वाढताहेत आणि त्यांचा ओढा शेवटी गंगेला मिळतो.

हिरव्या रंगाचं एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बंधाऱ्यात मासे मेले. दुपारी नमुना घेतला गेला, प्राणवायू भरपूर निघाला आणि ‘पाणी चांगलं आहे’ असा अहवाल गेला. मला पटेना. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी स्वतः गेलो. प्राणवायूच्या बाटलीत आम्ही जागेवरच दोन रसायनं घालतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. त्या पहाटे साका दुधासारखा पांढरा बसला. कारण साधं होतं. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. दुपारी चारला नदी निरोगी दिसते, पहाटे तिचा श्वास कोंडतो. शेवाळाला खत कुठून मिळतं? नाल्यातून आणि शेतातून. नत्र, स्फुरद आपण पिकाला घालतो, पावसाने किंवा पाटाने ते नदीत येतं, आणि थांबलेल्या कोमट पाण्यात शेवाळाचं पीक येतं. जलपर्णीही त्याच खतावर माजते.

या हिरव्या सायीबद्दल एक धोका लक्षात ठेवा. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष सोडतात आणि ते विष उकळल्याने जात नाही. म्हणून पृष्ठभागावर साय धरलेली असेल तेव्हा काठावरचं पाणी पिण्यासाठी उचलू नका, जनावरांनाही तिथे पाजू नका. योजनेची उचल-विहीर खोल पात्रात असेल तर ठीक, काठाशी असेल तर तो प्रश्न समितीत मांडा.

नदीइतकंच महत्त्वाचं आहे ते वाळूचं. आपल्या आज्या नदीत घागर बुडवत नसत. वाळूत झिरा काढायच्या, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायच्या आणि मग येणारं नितळ पाणी वाटीने भरायच्या. तो झिरा म्हणजे वाळूचा गाळणीसंच होता. गाळ अडायचा, आणि वाळूच्या कणांवर वाढलेला जिवंत थर रोगजंतूही कमी करायचा. काठच्या विहिरींनाही याच वाळूतून पाणी यायचं. आज त्या पट्ट्यातून वाळू उपसून नेली जाते आणि खाली उघडा मुरूम किंवा चिखल राहतो. विहिरीचं पाणी आटलं की लोक ओरडतात, पण ते गढूळ आणि वासाचं झालं तर वाळूशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. वाळूचा लिलाव हा आपल्याकडे महसुलाचा विषय समजला जातो. माझ्या लेखी तो आधी पिण्याच्या पाण्याचा विषय आहे. तुमच्या ग्रामसभेत योजनेच्या विहिरीच्या वर-खाली वाळू उपसायची नाही असा ठराव घ्या, आणि तो का घेतला तेही त्यात लिहा.

नदी सोडून गाव बोअरकडे वळतं तेव्हा तक्रारी बदलतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरी पापडी धरते, पाणी मचूळ लागतं. हे जडपणाचं लक्षण. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचे, असं भारतीय मानक सांगतं. पण जड पाण्याने लगेच कुणी दगावत नाही. मला जास्त काळजी नायट्रेटची वाटते, कारण त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. गोठ्याजवळची विहीर, शोषखड्ड्याजवळचा हातपंप, युरियाने भिजलेलं शिवार, इथे ते वाढतं. वरचं दूध घेणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते जीवघेणं ठरू शकतं, आणि पाणी उकळलं तर पाणी आटतं पण नायट्रेट तेवढंच राहतं. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथे काळा पाषाण संपून ग्रॅनाइट सुरू होतो, तिथे फ्लोराइडचाही प्रश्न आहे. त्याची मर्यादा १, फार तर दीड मिलिग्रॅम. मुलांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे दिसू लागले तर पाणी तपासून घ्या.

मग पोरांना काय पाजायचं? गंगेचं पाणी गाळून, तुरटीने निवळून, नीट टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातलं तर तुमच्या भागात ते बहुतेक बोअरच्या पाण्यापेक्षा बरं ठरेल. क्षार कमी, नायट्रेट सहसा कमी. नदीच्या पाण्यातला धोका जंतूंचा, आणि जंतू मारता येतात. बोअरचा धोका विरघळलेल्या क्षारांचा, आणि तो गावपातळीवर काढणं महाग पडतं. जारचं पाणी विकत घेणारे वाढलेत, पण ते पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं खारट पाणी पुन्हा त्याच गावच्या नालीत सोडलं जातं आणि झाकणाखालचं पाणी किती दिवसांचं आहे हे कुणी विचारत नाही.

टीसीएलचा हिशेब जलसुरक्षकाकडून मुलांदेखत करून घ्या, गणिताचा तास होईल. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा. आलेले घनमीटर गुणिले हजार म्हणजे लिटर. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर. ३३ टक्क्यांच्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम. बादलीत कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं आणि अर्धा ते एक तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरीचा जोर जातो. वास येत नसेल तर ती निव्वळ चुना झालेली असते. पुराने विहीर बुडाली असेल, तर आधी उपसा, नंतर नेहमीपेक्षा जास्त मात्रा आणि तपासणी झाल्यावरच वापर. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर अनेक काठच्या गावांत हे क्रमाने करावं लागलं. पाणी गढूळ असताना टीसीएल वाया जातं, म्हणून पावसाळ्यात आधी तुरटी. शेवटी गावातल्या सगळ्यात लांबच्या नळाला ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरिन रंगावरून ओळखायची चाचणी, घ्या. रंग पिवळसर आला आणि लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन दिसलं, तर पाणी वाटेत सुरक्षित राहिलं असं समजा. टाकीशेजारच्या नळावर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

ग्रामपंचायतीला मिळणारं, पाण्याला धोका किती ते सांगणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड शाळेत लावा. ते वर्षातून दोनदा होणाऱ्या पाहणीचं असतं, रोजच्या पाण्याचं नाही, हेही त्याशेजारी लिहा.

आणि नमुने. वर्षातून चार वेळा घ्या: जुलैत पहिल्या लोंढ्यानंतर, नोव्हेंबरात बंधारा भरल्यावर, मार्चमध्ये हिरवं पडल्यावर आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दरवेळी तीच जागा, गावाचा ओढा मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा, स्वतः धुऊन नेऊ नका. नळाचा नमुना असेल तर क्लोरिन मारणारं रसायन बाटलीत आधीच असतं, ते सांडू नका. प्रवाह असेल तर बाटलीचं तोंड वरच्या बाजूला धरून, पृष्ठभागाच्या वीतभर खाली बुडवून भरा, थोडी मोकळी जागा ठेवा, बर्फात घाला आणि चोवीस तासांच्या आत पोहोचवा. शनिवारी घेतलेला नमुना सोमवारी दिला तर तो पाण्याचा अहवाल राहत नाही. बाटलीवर तारीख, वेळ, जागा आणि शेवटी टीसीएल कधी घातलं ते लिहा. मार्चचा प्राणवायूचा नमुना मात्र दिवस उजाडायच्या आत घ्या, आणि शक्य असेल तर त्याच जागी दुपारी चारला दुसरा घ्या. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून समितीपुढे ठेवा.